नव्या आवृत्तीतले मेलसाब

मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, हे आमच्या ऑफिसात मेलसाबांच्या गालांवरून कळायचं. एरवी आठवडा आठवडा दाढीचे खुंट वागवणारा हा माणूस त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, केसांना तेल चोपडून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. लिफ्टवाला त्यांना बघून हमखास विचारायचा, "क्या मेलसाब, नया माल आया क्या?" आणि मेलसाब लाजायचे. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस एका सॉफ्टवेअरपायी लाजतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही.

आमची कंपनी हैदराबादच्या नारायणगुड्यात होती, एका साड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. नव्वदीची शेवटची वर्षं. देशाचे दरवाजे उघडले होते म्हणे, आणि जो तो त्या दरवाज्यात अमेरिकेकडे तोंड करून उभा होता. आम्ही तिकडच्या कंपन्यांचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करून पाठवायचो. मी पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन तिथे लागले आणि मला मेलसाबांच्या हाताखाली देण्यात आलं, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. ऑफिसात येणारं आणि ऑफिसातून जाणारं प्रत्येक ईमेल ज्या मशीनमधून जातं, ते मशीन म्हणजे मेल सर्व्हर. ते नीट चालत असेपर्यंत कुणाला त्याची आठवणसुद्धा नसते, आणि बंद पडलं की सगळे सांभाळणाऱ्याच्या नावानं खडे फोडतात. अशा कामातून बढती मिळत नाही, हे बाकीच्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मेलसाब मूळचे उदगीरकडचे. आजोबा शेत भावांवर टाकून हैदराबादला आले, वडिलांनी सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात जन्म काढला आणि हे मॅट्रिक होऊन, टायपिंग शिकून या कंपनीत टायपिस्ट म्हणून चिकटले. कंपनीत पहिलं मोठं मशीन आलं तेव्हा शिकलेल्या पोरांना त्याच्यावर प्रोग्रॅम लिहायचे होते, त्याची देखभाल नको होती. मेलसाबांनी ती घेतली. पदवी नाही, कोर्स नाही, जे काही आलं ते छापील पानं वाचून. बोलताना मराठीत दख्खनी आणि तेलुगू इतकं मिसळलेलं असायचं की पहिल्या दिवशी मी दोनदा "काय म्हणालात?" असं विचारलं. ते हसून म्हणाले, "तुमची मराठी छापील हाय बाई. आमची हातानं लिव्हलेली." त्या दिवसापासून मी त्यांची पुणेकरीणबाई झाले, ती शेवटपर्यंत.

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर एक लांबलचक इंग्रजी यादी यायची. काय नवं आहे, काय बदललं, कुठली चूक दुरुस्त केली. जगभरातले लोक ती यादी चाळतात आणि पुढं जातात. मेलसाब ती दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदावर छापून घ्यायचे आणि तो कागद टेबलावरून जमिनीवर लोळायचा. मग लाल-निळी पेन्सिल घेऊन वाचन सुरू. तेही मोठ्यानं आणि मला समोर बसवून, कारण "एकट्यानं वाचलं की डोळा ओळ सोडतो." नव्या सोयींपेक्षा त्यांचा जीव दुरुस्त्यांवर जास्त. "बघा की बाई, ही चूक कुणी दाखवली त्याचं नाव घालून लिव्हलंय. चूक केली, कबूल केली, वर दाखवणाऱ्याचं नाव बी घातलं. आपल्या हितं कोन करतंय आसं?" हे वाचन तीन-तीन आठवडे चालायचं. आमचे एमडी, म्हणजे कंपनीचे मालकच, वैतागून विचारायचे की नवी आवृत्ती कधी चढवणार, आणि मेलसाब मान हलवून म्हणायचे, "वाचल्याबिगर हात लावायचा न्हाई साब."

सर्व्हरनं कसं वागायचं हे ज्या फाइलमध्ये लिहितात, ती कॉन्फिगरेशनची फाइल. आमची ती फाइल म्हणजे चिन्हांचं जंगल होतं. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसायचं. पण प्रत्येक बदलाच्या वरच्या ओळीत मेलसाबांनी रोमन अक्षरात, स्वतःच्या मराठीत, कारण लिहिलेलं असे. मशीन ती ओळ वाचत नाही, ती माणसांसाठी असते. 'रेड्डीगारूंच्या पोरीचं लग्न, फोटो लई मोठे येतेत, महिनाभर चालू द्या.' 'ही ओळ का हाय मला बी म्हाईत न्हाई, काढली की दिल्लीचं टपाल बंद पडतं.' 'हितं मी चुकलो होतो, दोन दिस कुणाला कळलं न्हाई.' नव्या मुलांना हे वाचून हसू फुटायचं. मीही हसले होते. मग एकदा ते आठवडाभर तापानं घरी राहिले, मी त्या फाइलच्या भरवशावर एकटीनं सर्व्हर चालवला, आणि नंतर हसायचं सोडून दिलं.

त्या वर्षांत एक मोठा बदल आला. त्याआधी कुणाचंही टपाल कुणाचाही सर्व्हर पुढं ढकलायचा. ओळख ना पाळख, रस्त्यात भेटलं म्हणून पोचवलं. जाहिरातबाजांनी त्याचा इतका गैरफायदा घेतला की नव्या आवृत्तीत तो दरवाजा बंदच होऊन आला. ज्यांना हवं त्यांनी, ज्यांच्यासाठी हवं त्यांच्यापुरता उघडायचा. मेलसाब दोन दिवस उदास होते. "बराबर हाय, करावंच लागतं," म्हणायचे, आणि पुन्हा तीच ओळ वाचायचे. त्याच आवृत्तीत एक छोटी फाइलही आली होती. डावीकडे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा, उजवीकडे त्याच्या टपालाचं काय करायचं ते. घ्या, नाकारा, किंवा तुमच्या शब्दांत नाकारा. या शेवटच्या सोयीनं त्यांची उदासी पार पळाली. त्यांनी नकाराचे शब्द जुळवायला घेतले. 'महोदय, आपले पत्र आम्ही स्वीकारू शकत नाही याचा खेद वाटतो. आपली काही चूक नसल्यास कृपया फोन करावा,' असं इंग्रजीत, खाली ऑफिसचा नंबर. टक्कल घालवायचं औषध विकणाऱ्या भामट्यांनाही हाच मजकूर जायचा. मी म्हटलं, "अहो, हे वाचणार कोण?" तर म्हणाले, "वाचंल न वाचंल. आपन तोंडावर सांगितलं ना, मग झालं."

हे तोंडावर सांगणं त्यांच्या सगळ्या धंद्याच्या मुळाशी होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मेल सर्व्हरशी हातानं बोलायला शिकवलं. दुसऱ्या मशीनला जोडून घ्यायचं आणि एकेक ओळ टाइप करायची. मी कोण, पत्र कुणाकडून, कुणाला, मग मजकूर आणि शेवटी एका ओळीत नुसतं टिंब. पलीकडून एक आकडा येतो, अडीचशे. म्हणजे पत्र घेतलं. "हा आकडा म्हंजे वचन हाय बाई. नाकारायचं तर त्याच्या आधी नाकारा. घ्यायला जागा न्हाई, मानूस वळखीचा न्हाई, काय बी कारण सांगा. पन एकदा अडीचशे म्हन्ला की ते पत्र तुमचं. पोचवा, न्हाई पोचलं तर ज्यानं पाठवलं त्याला परत करा. मधल्या मधी गायब करायचं न्हाई." मग नेहमीप्रमाणे पान थुंकायला उठता उठता म्हणाले, "लोकं जवाब देत न्हाईत ती गोष्ट अलग. लोकांचा भरवसा न्हाई. मशीनचा हाय." मला हे फार आवडलं होतं. वय बावीस होतं, आणि जगात कुठंतरी अशी पक्की जागा आहे याचा मला आनंद झाला होता.

म्हणून पुढच्या आवृत्तीची यादी वाचताना ते मध्येच थांबले तेव्हा मला कळलं की काहीतरी वंगाळ आलं आहे. त्या छोट्या फाइलच्या उजव्या बाजूला आता आणखी एक हुकूम लिहिता येणार होता. घेतलं म्हणायचं आणि फेकून द्यायचं. पाठवणाऱ्याला अडीचशे मिळणार, पत्र कुणालाच मिळणार नाही आणि परतही जाणार नाही. उरणार फक्त मशीनच्या रोजच्या नोंदीत, लॉगमध्ये, एक ओळ. भामट्यांना सुगावा लागू नये म्हणून केलेली सोय होती, आणि त्या कामासाठी ती गैर नव्हती. मेलसाबांनाही ते पटत होतं. तरी त्यांनी त्या ओळीवर लाल पेन्सिल इतकी दाबून ओढली की कागद फाटला. आणि मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या परदेशातल्या लोकांना पत्र लिहिलं. मी त्यांचं इंग्रजी नीट करून दिलं. आठवड्यानं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं, की आपली काळजी समजली, पण ही सोय कुणी मुद्दाम मागितल्याशिवाय चालू होत नाही. मेलसाबांचं समाधान झालं. "मग ठीक हाय," ते म्हणाले. "आपन कायकू मागतो?"

त्यानंतर दीड-दोन वर्षांत अमेरिकेतलं वारं फिरलं. कामं यायची थांबली. फिरत्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या, आधी एक-एक, मग रांगेनं. एका सोमवारी मेलसाब दाढी करून, तेल लावून आले. मी म्हटलं, "वा! नवी आवृत्ती?" ते माझ्याकडे न बघता मशीनच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. अकरा वाजता आम्हा अर्ध्या ऑफिसच्या हातात पाकिटं पडली. आत लिहिलं होतं की उद्यापासून येऊ नये, आणि दाखला, खुलासा, जे काय हवं असेल ते फक्त ईमेलनं कळवावं, ऑफिसात येऊ नये. एमडींनी मेलसाबांना हे शुक्रवारीच सांगितलं होतं. म्हणजे शनिवार-रविवार त्यांना माहीत होतं. आमचा निरोप घ्यायला म्हणून ते दाढी करून आले होते की काय, देव जाणे. खोलीतून बाहेर काही आले नाहीत.

मी आणि पद्मा नावाची माझी मैत्रीण सुलतान बाजाराच्या मागं एका खोलीत राहायचो. पद्माही आमच्याच ऑफिसातली, तिचीही नोकरी त्याच सोमवारी गेली होती. पंधरवड्यातच मला दुसरीकडं काम मिळायची चिन्हं दिसली. सिकंदराबादची एक लहान कंपनी, आणि काम माझंच, मेल सर्व्हर सांभाळायचं. त्यांनी माझी परीक्षा घेतली, हातानं पत्र पाठवून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं, ते खूश झाले. त्यांची एकच अट होती. जुन्या कंपनीचा अनुभवाचा दाखला महिनाअखेरीपर्यंत आणायचा. गावात काढलेल्या पोरांचा बाजार भरला होता आणि खोटं सांगणारेही पुष्कळ होते, त्यामुळं त्यांचंही चूक नव्हतं. तिकडं पुण्यात वडिलांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि फोनवर बजावलं होतं, नोकरी मिळाली तर राहा, नाहीतर गाडीत बस. तेव्हा त्या एका कागदावर माझं हैदराबाद अडकलं होतं.

मी सायबर कॅफेत जाऊन एमडींना दाखल्यासाठी मेल केला. उत्तर नाही. दोन दिवसांनी पुन्हा. ऑफिसात फोन केला तर ऑपरेटर पोपटासारखी म्हणाली, "मेल करो मॅडम." पद्मा मला म्हणाली, "गेट पे जाके ठैरते, चल." मी तिला शहाणपण शिकवलं. म्हटलं, मेल परत आलेला नाही, म्हणजे पोचलेला आहे. तो सर्व्हर मी तीन वर्षं सांभाळलाय. त्यांच्याकडं पोचलंय, वाचतील, देतील उत्तर. ती मला "तू पागल है" म्हणाली आणि एकटी गेली. तीन दिवस उन्हात इमारतीच्या फाटकाबाहेर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी एमडींच्या गाडीसमोर आडवी झाली, रडली, ओरडली, लोक जमवले, आणि संध्याकाळी दाखला घेऊन घरी आली. मला ते बघून कसंसंच झालं. इतक्या खालच्या थराला जायचं, तेही जे आपोआप मिळणार आहे त्यासाठी, असं मी मनात म्हणाले. हो, म्हणाले. लपवून काय करू?

तरी मनात पाल चुकचुकलीच. म्हणून एका सकाळी मी कॅफेतल्या मशीनवरून आमच्या जुन्या सर्व्हरला जोडून घेतलं आणि मेलसाबांनी शिकवलं होतं तसं हातानं पत्र लिहिलं. मी कोण, कुणाकडून, कुणाला, मजकूर, टिंब. पलीकडून अडीचशे आलं. माझा जीव भांड्यात पडला. त्याच बैठकीत मी दुसरं पत्र मेलसाबांना लिहिलं आणि त्यालाही अडीचशे आलं. मग मी निर्धास्त झाले आणि महिनाअखेर येईपर्यंत रोज एक मेल पाठवत राहिले. मेलसाबांच्या घरी का गेले नाही, असं पुढं वडिलांनी विचारलं, नवऱ्यानं विचारलं. गरजच वाटली नाही. मशीन घेतलं म्हणत होतं ना! हा मूर्खपणा सुलतान बाजारातला कुठलाही दुकानदार करणार नाही. तो आमच्याच कामातल्या माणसाला सुचू शकतो.

महिना संपला. सिकंदराबादवाल्यांनी आणखी चार दिवस दिले आणि मग दुसऱ्याला घेतलं. त्यानंतर मीही फाटकापाशी गेले, पण उशिरा मिळालेल्या त्या दाखल्याचा कुणाला काही उपयोग राहिला नव्हता. मी सामान बांधलं.

नामपल्ली स्टेशनवर दुपारी गाडीत बसले होते. पद्मा पाण्याची बाटली आणायला गेली, आणि खिडकीशी मेलसाब आले. गाडीची वेळ पद्माकडूनच त्यांना कळली होती. दाढी वाढलेली आणि सगळी पांढरी. मी आनंदानं उठले. ते म्हणाले, "बसा. सांगू द्या आधी. तुमची पत्रं मी फेकली."

मला कळलंच नाही. "कुठली पत्रं?"

"सगळी. बावीस. एमडीनं यादी दिली. ज्यांना काढलं त्या सगळ्यांचे घरचे मेलचे पत्ते. म्हन्ला, नाकारलं तर लोकं भांडायला येतेत. पोचलं आसं वाटू द्या, थकून गप बसतेत. त्यानंच कुठंतरी वाचलं होतं, नव्या आवृत्तीत आसं करता येतं." ते खिडकीच्या गजाला धरून उभे होते. "माझं बी नाव त्या यादीत होतं बाई. सगळ्यात खाली, पेन्सिलीनं लिव्हलेलं. वय बावन्न, मॅट्रिक. मला कोन ठेवून घेतंय? मी ते पत्ते घातले. वर कारण लिव्हायला गेलो तर हातच चालंना. नुस्तं एमडीचं नाव लिव्हलं."

"तुमच्याकडं माझ्या घरमालकांचा नंबर होता," मी म्हणाले. "एक फोन करायचा होता."

"रोज सकाळी लॉगमधी तुमचं नाव यायचं. वाटायचं, आज कळंल हिला, उद्या बंद करंल. त्या दिशी तुम्ही हातानं टाइप करून पाठवलं, ते बी वळखलं मी. म्हन्लं, आता तर कळंलच. तुमाला तर मीच शिकवलेलं."

"तुम्ही शिकवलंत म्हणूनच कळलं नाही."

फलाटावर चहावाला ओरडत गेला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "त्यातलं एक मला होतं. लॉगमधी दिसलं. काय लिव्हलं होतं?"

"आठवत नाही," मी म्हणाले. मला चांगलं आठवत होतं. मेलसाब, एमडींना माझं पत्र मिळालं का ते जरा बघाल का, आणि नवी आवृत्ती आली का, एवढंच लिहिलं होतं. पण ते मी त्यांना देणार नव्हते. तेवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. गाडी हलली. ते दोन-चार पावलं बरोबर चालले, "काही तरी बोला की बाई," म्हणाले, आणि मी पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. पद्मानं धावत येऊन बाटली आत टाकली, म्हणून निदान मान वर करावी लागली. तोवर ते मागं राहिले होते.

पुण्यात ते स्थळ पक्कं झालं. मी पुन्हा कधी सर्व्हरला हात लावला नाही. एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. ईमेलचा धडा आला की मी सांगते, पाठवून झालं की फोन करून विचारा, मिळालं का. मुलं हसतात. त्यांना वाटतं, बाई जुन्या काळच्या आहेत.

लग्नानंतर वर्षभरात मेलसाबांचं पहिलं आंतरदेशीय पत्र आलं. पत्ता पद्मानं दिला होता. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव पुढच्या खेपेला शाईनं लिहिलं गेलं, सर्व्हर बंद करून भंगारात दिला, टपालाचं काम आता बाहेरची कंपनी करते, असं त्यात होतं. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही शिव्या द्या पण लिहा.' अक्षर सुंदर, भाषा माझ्यासारखी छापील. माझ्यासाठी म्हणून मुद्दाम तशी लिहिली असावी. मी ते पत्र कपाटात वर्तमानपत्राखाली ठेवलं. दुसरं सहा महिन्यांनी आलं, तिसरं पोस्टकार्ड होतं. त्यावर मजकूर असा नव्हताच. 'पत्ता बरोबर आहे का? पत्र मिळाले एवढे तरी कळवावे.'

मी लिहिणार होते. आधी राग होता. मग मुलगी झाली, दिवस तिच्यात गेले. मग राग उतरला तर इतका उशीर झाला होता की आता लिहायचं काय, याचीच लाज वाटायला लागली. त्यांनी मला काम शिकवलं, काम करताना कसं वागायचं ते शिकवलं, आणि एकदा भ्याले. मी भ्याले नव्हते, मला कुणी यादी दाखवली नव्हती, माझी नोकरी जाणार नव्हती. नुसता एक कागद घ्यायचा होता आणि दोन ओळी लिहायच्या होत्या. मला त्यांची फार माया होती. तीही मी त्यांना कधी कळवली नाही.

चार वर्षांपूर्वी भर दुपारी पद्माचा फोन आला. मी शाळेत पेपर तपासत होते.

"मेलसाब गुजर गए," ती म्हणाली. "परसों. मैं जाके आई." मग जरा घुटमळून म्हणाली, "उनकी मिसेस पूछरे, वो पुनावाली लडकी को चिठ्ठियां मिले थे क्या, बोलके. मेलसाब आखिर तक पोस्टवाले को पूछते थे बोलके. क्या बोलूं उनको?"

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. "बोल, नहीं मिले."

"ॲड्रेस तो मैंच दी थी."

"तो बोल, घर बदल गया था."

"तू तो वहींच है ना?"

"हौ," मी म्हणाले. "पन वैसाच बोल."

पद्मा म्हणाली, "अच्छा. बोलती मैं," आणि तिनं फोन ठेवला.